काकांच्या हातच्या पेशी

"आमचा भाऊ कॅन्सर पाळतो," असं काकांची ताई नव्या माणसाला सांगायची आणि त्याच्या चेहऱ्याचं काय होतंय ते चष्म्यावरून बघत बसायची. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून घरी बसलेली बाई. असले बिनखर्चाचे खेळ तिला लागायचेच. मग काका कसनुसं हसत खुलासा करायचे. ते एका संशोधन संस्थेत नोकरीला आहेत, तिथे बाटल्यांमधून माणसाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवतात, त्यांना खाऊपिऊ घालून धडधाकट ठेवणं एवढंच आपलं काम, पुढे शिकलेली माणसं त्यांच्यावर औषधं घालून बघतात, मरतात का. ऐकणारा हमखास विचारायचा, मारायच्याच आहेत तर वाढवायच्या कशाला. यावर काका फार लांबून सुरुवात करायचे. पेशी म्हणजे काय, ती अन्न कसं घेते, वगैरे. ऐकणाऱ्याचा चहा संपायचा, तो उठायचा. दार लावून घेत ताई म्हणायची, "बावीस वर्षं झाली, अजून तुला एका वाक्यात उत्तर येत नाही."

ते खरंच होतं. काकांना वाक्यं जमत नसत. त्यांना हातानं करायचं ते सगळं जमे.

संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक दुहेरी दाराची खोली होती. पहिलं दार उघडून आत गेलं की चपला बदलायच्या, पांढरा कोट चढवायचा, कोपरापर्यंत हात धुवायचे; मगच दुसरं दार. आत काचेच्या पडद्याआडचं एक टेबल, ज्याच्यावर गाळलेली हवा सतत वाहत असायची. एक सूक्ष्मदर्शक. आणि भिंतीला टेकून कपाटाएवढी उबेची पेटी, जिच्यात रात्रंदिवस माणसाच्या अंगाएवढी ऊब. फळ्यांवर चपट्या बाटल्या आडव्या निजलेल्या, प्रत्येकीच्या तळाला पेशींचा थर आणि त्यावर गुलाबी पाणी. त्या पाण्याला तिथे सगळे मीडियम म्हणत. त्यात साखर, क्षार, आणि पेशीच्या जिवाला लागतं ते बाकीचं सगळं. पेशी खातपीत राहिल्या की गुलाबी रंग उतरून नारिंगी होतो, मग पिवळा. पिवळा झाला म्हणजे मंडळींची आबाळ चालली आहे.

काका पेशींना मंडळी म्हणत. सकाळी साडेआठला पेटी उघडून, एकेक बाटली उजेडाकडे धरून, "मंडळी खूश आहेत" किंवा "मंडळींची आज मर्जी नाही" असं स्वतःशीच पुटपुटत. मर्जी नसलेली बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत आणि तिच्याकडे इतका वेळ बघत की बघणाऱ्याला वाटावं, आता हे तिची समजूत काढतील. बावीस वर्षांत त्यांच्या एकाही बाटलीला बुरशी धरली नव्हती. परगावच्या प्रयोगशाळेतून आलेल्या, प्रवासात अर्धमेल्या झालेल्या पेशी त्यांच्याकडे आठवड्याभरात बाळसं धरत. काकांच्या हातच्या पेशी, असं लोक म्हणत. एखाद्याच्या हातच्या चहाबद्दल म्हणावं तसं.

त्यांना काका म्हणायला लागले तेव्हा ते जेमतेम पस्तीस वर्षांचे होते, पण डोक्यावरचं रान तेव्हाच विरळ झालं होतं. विद्यार्थी दरवर्षी नवे यायचे, तेवीस-चोवीस वर्षांचे. पाच-सहा वर्षांत डॉक्टर होऊन जायचे आणि त्यांच्या जागी पुन्हा तेवीस-चोवीसचेच कुणी यायचे. त्या मजल्यावर म्हातारे होण्याचं काम काकांनी एकट्यानं अंगावर घेतलं होतं.

या विद्यार्थ्यांपैकी सध्या त्यांच्या सगळ्यात जवळची होती भिंगरी. एका जागी पाच मिनिटं टिकत नाही म्हणून काकांनीच हे नाव ठेवलेलं, आणि ती त्यावर खूश होती. तिचं चौथं वर्ष चाललं होतं. विषय पेशींचं मरण. तो तिने काकांना जिन्यात उभ्याउभ्या समजावला होता. प्रत्येक पेशीच्या आत मरणाची सगळी तयारी आधीपासून करून ठेवलेली असते. पेशी बिघडली की आतूनच हुकूम सुटतो आणि ती निमूटपणे आवरतं घेते. आकसते, तिचे तुकडे होतात, शेजारणी ते गिळून टाकतात, मागे डागसुद्धा उरत नाही. त्याच वेळी बाहेरून उलटे निरोप येत असतात: थांब, अजून जग. या दोन्हींची ओढाताण रोज चाललेली असते. कॅन्सरच्या पेशीत ही ओढाताण एकतर्फी झालेली असते. मरणाचा हुकूम तिच्या कानात शिरतच नाही. भिंगरीचं औषध तिच्या कानातला बोळा काढणार होतं.

"म्हणजे जगायचं असलं तर कुणीतरी रोज जग म्हणून सांगावं लागतं?" काकांनी विचारलं होतं.

"पेशींना. माणसांचं मला विचारू नका, ते माझ्या परीक्षेला नाही," असं म्हणून ती दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेली होती. काका मात्र तिथेच कठड्याला हात लावून थोडा वेळ उभे राहिले होते. असं काही ऐकलं की त्यांना लगेच काम सुचत नसे.

घोळ सुरू झाला तो भिंगरी बाहेरच्या एका प्रयोगशाळेत तीन महिने काढून परत आली तेव्हा. तोवर काकाच सगळ्यांच्या बाटल्या तयार करत. ठरलेल्या दिवशी पेशींवर औषध घालत, दोन दिवसांनी बाटल्या ज्याच्या त्याच्या हवाली करत. बाहेरच्या प्रयोगशाळेत मात्र आपापल्या बाटल्या आपणच करायची रीत होती. भिंगरी ती शिकून आली आणि हौसेनं इथेही स्वतःच करायला लागली. तिच्या बाटल्यांत शंभरातल्या सत्तर पेशी मेल्या. काकांच्या बाटल्यांत वीस.

औषध तेच, पेशी त्याच, पेटी तीच. पुन्हा केलं. सत्तर आणि वीस. बाहेरच्या प्रयोगशाळेला कळवलं. त्यांच्याही सत्तरच मेल्या होत्या. तिसऱ्यांदा केलं तेव्हा भिंगरीने फार जपून, बोटाशी चाळा करत, काकांना विचारलं की औषध घालायचं राहून तर गेलं नव्हतं ना. काकांनी हातमोजे काढले, नीट घडी घातली आणि मग ते फेकायचे असतात हे आठवून डब्यात टाकले.

मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. मॅडम या गटाच्या प्रमुख. बोलणं मोजकं, आवाज कधीच न चढणारा, त्यामुळे त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाला आपलाच आवाज चढल्यासारखा वाटायचा. त्यांनी सांगितलं ते काकांना आधीच अर्धंअधिक ठाऊक होतं. मजल्यावरच्या बोळात महिन्यापासून एक मोठं खोकं येऊन पडलं होतं. त्यात बाटल्या भरणारं, रिकाम्या करणारं यंत्र होतं. ते खालच्या गटासाठी मागवलेलं, पण इथेही चाललं असतं. तळमजल्यावरच्या स्टोअरची जागा रिकामी होत होती. दोन माणसांच्या हातून दोन उत्तरं येत असतील तर मॅडमना कुठलंच उत्तर बाहेर पाठवता येणार नव्हतं. महिनाअखेरीपर्यंत फरकाचं कारण सापडलं तर ठीक. नाहीतर पेशींचं काम यंत्राकडे आणि काकांनी स्टोअर सांभाळायचं. पगार तोच राहील, असं त्या शेवटी म्हणाल्या. ते त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं होतं, आणि काकांना नेमकं तेच लागलं.

स्टोअरमध्ये खिडकी नव्हती, पण काकांचं दुखणं ते नव्हतं. तिथे काचेची भांडी होती, हातमोज्यांची खोकी होती, कागदाचे रीम होते. यांपैकी कशाचीच सकाळी मर्जी आहे की नाही हे बघावं लागत नाही.

घरी दोन दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईने वर्तमानपत्रातलं कोडं बाजूला सारलं आणि म्हणाली, "तू पाचवीत नापास झाला होतास तेव्हा असाच बसला होतास. काय झालं ते सांग, नाहीतर तुझ्या मॅडमना फोन करते." ती हे करू शकते हे काकांना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी सांगितलं. बायको खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसली होती. तिने पाय थांबवले. लोकांचे कपडे शिवून ती घराला हातभार लावायची आणि मशीन बंद पडलं की घरात काहीतरी झालं आहे हे शेजाऱ्यांनासुद्धा कळायचं.

ताईने सहानुभूती वगैरे काही दाखवली नाही. तिने उलटतपासणी सुरू केली. काय करतोस? बाटली उघडतो. मग? जुनं मीडियम काढतो. किती? सगळं. मग? औषध घातलेलं नवीन मीडियम खुणेपर्यंत भरतो. कुठे लिहिलंय? कागदावर लिहिलंय, प्रत्येक पायरीपुढे बरोबरची खूण करायची असते, ती करतो. ती मुलगी काय करते? हेच करते.

"दोघं तेच करता तर उत्तर तेच यायला पाहिजे," ताई म्हणाली. "येत नाही म्हणजे तुम्ही तेच करत नाही. करून दाखव."

काका म्हणाले, इथे काय दाखवू. पण ताई उठली होती. तिने कपाटातून आपली जुनी लाल शाईची दौत काढली, जिच्यातल्या शाईनं तिने दोन पिढ्यांचे पेपर तपासले होते, आणि काचेच्या उंच पेल्यातल्या पाण्यात तीन थेंब टाकले. पाणी मीडियमसारखंच गुलाबी झालं. बायकोने लहान मुलांना औषध पाजायची पिचकारी आणून दिली. काका खुर्चीत सरळ बसले, पेला डाव्या हातात तिरका धरला आणि पिचकारीनं पाणी ओढून दुसऱ्या भांड्यात सोडायला लागले. हात कामाला लागल्यावर चेहऱ्यावरचं मळभ जरासं हटलं. बोलताबोलता ते सांगत होते की धार पेशींवर पडू द्यायची नाही, कडेनं घ्यायचं, घाई करायची नाही. आणि मग त्यांनी पिचकारी खाली ठेवली.

"झालं?" ताईने विचारलं.

"झालं."

"मग हे तळाला काय आहे?"

काकांनी पेल्यात बघितलं. तळाला गुलाबी पाणी होतं. थोडंथोडकं नव्हे, चांगलं दिसण्याजोगं.

ताईने पट्टी मागवली. वरच्या ओल्या खुणेवरून आधी पाणी बारा सेंटिमीटर होतं, आता चार. तिने पेला पुन्हा भरला आणि म्हणाली, परत कर, आणि या वेळी माझ्याकडे बघत कर. काकांनी तिच्याकडे बघत केलं. चार. तिसऱ्यांदा तिने त्यांना बायकोशी बोलायला लावलं; बायकोला काही सुचेना, तिने उद्या गॅसवाला येणार आहे असं सांगितलं. चार सेंटिमीटर. ताईच्या चेहऱ्यावर, इतक्या गंभीर प्रसंगीसुद्धा, एक प्रकारचा आनंद पसरला. वर्गात असा अचूक मुलगा तिला क्वचितच मिळाला असेल.

"बरोबर एक तृतीयांश," ती म्हणाली. "तीन वेळा. न बघता."

"मी शिवणीसाठी कापडात जादा माया ठेवते तशी," बायको म्हणाली. "मोजावी लागत नाही. कात्रीच तिथे वळते."

काका पेल्याकडे बघत राहिले. आपल्या हाताला आपल्यापासून काही लपवून ठेवता येतं, हे त्यांना नवीन होतं. मग हळूहळू त्यांना आठवलं. बावीस वर्षांपूर्वी ज्या म्हाताऱ्या माणसानं त्यांना हे काम शिकवलं, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, तो असंच करायचा. एकदम सगळं पाणी नवं दिलं की पेशी बावरतात, असं तो म्हणायचा, त्यांच्या ओळखीचं थोडं राहू द्यावं. त्याने हे एकदाच सांगितलं होतं. काकांनी ते ऐकलं, हातानं उचललं आणि डोक्यानं विसरून टाकलं. रोजच्या पाणी बदलण्याला ते चांगलंच होतं. त्यांच्या पेशी बाळसं धरायच्या त्याचं अर्धं कारण तेच असेल. पण औषध घालायच्या दिवशीही हात तिथेच थांबत होता, आणि समोरच्या कागदावर ते 'सगळं काढलं'पुढे खूण करत होते, अगदी मनापासून.

त्यांना हायसं वाटलं. कारण सापडलं होतं. पण ताईचं डोकं पुढे धावलं होतं.

"मग तुझं औषध दोन तृतीयांशच राहिलं की," ती म्हणाली. "एक भाग साधं पाणी, दोन भाग औषधाचं. पातळ औषध, कमी पेशी मेल्या. सरळ गणित आहे." आणि मग भावाचा चेहरा बघून, आवाज उतरवून, "असंच असेल असं नाही म्हणा."

पण काकांना ते कळलं होतं. हे एवढंच असेल तर त्यात शोध बिध काही नव्हता. एका माणसाने बावीस वर्षं औषधात पाणी घातलं होतं. अशा माणसाची जागा स्टोअरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भिंगरीला गाठलं आणि सगळं सांगितलं, लाल शाईसकट. सांगताना त्यांची मान खाली होती. भिंगरी मात्र उभी होती ती मटकन स्टुलावर बसली, आणि चक्क बसून राहिली. मग म्हणाली, पातळ झालं हे खरं, पण पातळ झाल्याने सत्तराचे साठ व्हायला पाहिजेत, फार तर पंचावन्न. वीस कसे होतील? तिने ते औषध पातळ करून आधीच बघितलेलं होतं. आकडे तिच्या वहीत होते. ती वही आणायला पळाली, आणि काकांना वाटलं, चला, भिंगरी ताळ्यावर आली.

दोघांनी मिळून बेत ठरवला. तीन तऱ्हेच्या बाटल्या करायच्या, प्रत्येकी चार. पहिल्या तऱ्हेत जुनं पाणी सगळं काढून औषधाचं मीडियम भरायचं. दुसरीत सगळं काढायचं, पण एक तृतीयांश साधं, ताजं, औषध नसलेलं मीडियम घालायचं आणि वर औषधाचं. म्हणजे औषध पातळ, पण जुनं काही नाही. तिसरीत काकांचा हात जे करतो ते करू द्यायचं. दुसरी आणि तिसरी सारखीच निघाली तर नुसतं पाणी घातल्याचा प्रकार. तिसरी वेगळी निघाली तर मग त्या जुन्या पाण्यातच काहीतरी आहे. सगळ्या बाटल्या काकांनीच करायच्या, म्हणजे हात एकच राहील. भरून झाल्यावर भिंगरी काकांच्या माघारी त्यांची सरमिसळ करून त्यांच्यावर रंगीत चिठ्ठ्या लावणार आणि कुठला रंग कशाचा ते काकांना सांगणार नाही.

सोमवारी काका टेबलापाशी बसले. तिसऱ्या तऱ्हेचं काम दहा मिनिटांत झालं. पहिल्या तऱ्हेला मात्र घाम फुटला. नळी तळाशी न्यायची, आणि अर्ध्यापुढे गेलं की हात आपोआप वर यायचा. भिंगरी शेजारी उभी राहून बघत होती.

"काका, राहिलंय."

"दिसतंय मला."

"अजून राहिलंय."

"अगं, उघड्या पडतात त्या."

"कॅन्सरच्या आहेत काका."

हे काकांना मान्यच होतं. तरी शेवटचा थेंब ओढून घेतल्यावर, औषधाचं मीडियम भरेपर्यंतच्या त्या दोन-तीन क्षणांत, तळाला चिकटून राहिलेला तो पातळ, ओलसर, बिनपाण्याचा थर त्यांच्याकडे बघतोय असं त्यांना वाटलं. त्यांच्या बावीस वर्षांत पेशी अशा कधी राहिल्या नव्हत्या. त्यांनी पटकन मीडियम भरलं आणि झाकण लावलं.

मंगळवारी त्यांनी पेटी एकदाही उघडली नाही. जेवायच्या सुट्टीत ते तळमजल्यावर जाऊन स्टोअर बघून आले. स्टोअरवाल्याने मोठ्या आपुलकीने सगळं दाखवलं. कुठला स्टूल डुगडुगतो, कुठल्या फळीवर डोकं आपटतं. संध्याकाळी ताईला त्यांनी सांगितलं की जागा तशी वाईट नाही. ताई म्हणाली, "पाहून आलास? मुलगी पसंत आहे का?" बायकोला हसू आवरेना. काकाही हसले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

बुधवारी मोजणी. पेशी बाटलीतून सोडवायच्या, तरंगत असलेल्याही गोळा करायच्या, त्यांत निळ्या रंगाचा थेंब टाकायचा. जिवंत पेशी रंग आत घेत नाही, तिचं दार बंद असतं. मेलेल्या पेशीचं दार सताड उघडं. ती निळी होते. काका सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून मोजायचे, भिंगरी लिहून घ्यायची. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असं ठरलं होतं, पण तिचा श्वास ऐकू यायचा.

हिरव्या चिठ्ठीची पहिली बाटली. शंभरात बहात्तर निळ्या. काकांच्या हातून इतक्या एकदम कधी मेल्या नव्हत्या. सगळीकडे निळे, सुरकुतलेले ठिपके, आणि त्यांच्यामध्ये तुरळक एखादी स्वच्छ, चमकती. त्यांनी डोळे बाजूला घेऊन पुसले आणि पुन्हा मोजलं. बहात्तर. पिवळ्या चिठ्ठीची: एकोणसाठ. मग पांढऱ्या चिठ्ठीची त्यांनी काचेवर घेतली, आणि मोजायच्या आधीच त्यांना दिसलं. काच भरून स्वच्छ गोल पेशी, जणू आत्ताच पेटीतून उठून आल्यात. शंभरात अठरा निळ्या. पुढची, एकवीस. तिच्या पुढची, एकोणीस.

"मंडळी खूश आहेत," काका हळूच म्हणाले.

भिंगरीने वही ठेवली आणि त्या अरुंद खोलीत, काचेच्या सामानातून वाट काढत, स्वतःभोवती एक अख्खी गिरकी घेतली. पांढरी म्हणजे तिसरी, काका, ती सांगत सुटली. पातळ औषधाने साठ मरतात, आणि तुमच्या जुन्या पाण्यात तेवढ्याच औषधाने वीस. त्या पाण्यात पेशींनीच काहीतरी सोडलेलं आहे. त्या एकमेकींना जग म्हणून सांगतात, आणि त्यांचं सांगणं पाण्यात राहतं. आम्ही सगळे ते दर वेळी ओढून मोरीत टाकत होतो, हे तिचं म्हणणं. तुम्ही तेवढं ठेवत होतात.

मॅडमनी आकडे दोनदा वाचले. मग वहीवरून मान न उचलता त्या बोलू लागल्या, आणि काकांना जाणवलं की हे बोलणं त्यांच्यासाठी नसून मॅडमचा स्वतःशीच चाललेला विचार आहे. शरीरात पाणी बदलायला कोण जातं? गाठीतल्या पेशी तर नेहमीच एकमेकींच्या जुन्या पाण्यात बसलेल्या असतात. म्हणजे औषध रोग्याला दिलं तर ते सत्तरवालं वागणार की वीसवालं? वीसवालं. मग आधी तो निरोप पकडायला हवा. जुनं पाणी तापवून बघा, तापवल्यावरही निरोप टिकतो का. त्यांनी भिंगरीला तीन गोष्टी सांगितल्या, आणि भिंगरी त्यातली पहिली करायला केव्हाच दाराबाहेर गेली होती.

काका मात्र उठले नाहीत. इथेच ते उठले असते तर सगळं गोडीगुलाबीत निभावलं असतं. त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"मॅडम, हे फक्त हिच्या बाटल्यांपुरतं नाही."

मॅडमनी वर बघितलं.

"माझा हात पहिल्या दिवसापासून असाच आहे. आधीच्या सगळ्या औषधांनाही असंच झालं असणार. सगळ्यांच्याच बाटल्या मी करायचो."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. काकांनी त्यांना चष्म्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं. त्या एकदम दमलेल्या दिसल्या.

"किती औषधं, काका?"

"एकतीस. रात्री आठवून लिहून काढली." त्यांनी खिशातून ताईच्या रेघी वहीचा एक कागद काढला.

"प्रत्येक कागदावर तुम्ही सगळं काढलं म्हणून खूण केली आहे."

"केली आहे. मला खरंच वाटायचं, मी सगळं काढतो."

मॅडमनी यादी हातात घेतली आणि वरून खाली बघत गेल्या. एकदोन नावांपाशी थांबल्या. त्यांतली काही औषधं निकामी म्हणून त्यांनी स्वतःच बाजूला टाकली होती. एकावर एका मुलाची तीन वर्षं गेली होती. छापून आलेल्या निबंधांत चूक होती असं कळवणारी पत्रं पाठवावी लागणार होती, आणि ती पाठवताना त्यांना बरं वाटणार नव्हतं. हे त्यांनी लपवलं नाही. आवाज न चढवता त्यांनी काकांना जे ऐकवलं ते काका पुढे घरी सांगताना गाळून टाकत. पण मग त्या यादीच्या तळाशी आल्या, बोटानं काहीतरी मोजू लागल्या, आणि तोंडाचा एक कोपरा किंचित हलला.

"जी औषधं तुमच्या हाताखालीही चालली," त्या म्हणाल्या, "ती चारच आहेत. पण ती निरोपाला पुरून उरली. आणि टाकून दिलेल्यांत अशी किती असतील, जी नुसती त्या निरोपापुढे हरली?" आणि जरा थांबून, "सगळी परत करायची. दोन्ही तऱ्हांनी. सगळं काढून, आणि एक तृतीयांश ठेवून."

काकांना विचारायचं होतं ते वाक्य जमत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "यंत्र लावणार ना?"

"यंत्राला सगळं काढता येईल. किती ठेवायचं ते त्याला कुणीतरी शिकवायला लागेल."

"आणि स्टोअर?"

"एकतीस औषधं, दोन तऱ्हा, प्रत्येकी चार बाटल्या, प्रत्येक गोष्ट तीनदा," मॅडम चष्मा चढवत म्हणाल्या. "वर्ष-सव्वा वर्ष तुम्ही या मजल्यावरून हलत नाही. स्टोअरला मी दुसरं कुणी बघते. आता बाहेर बसा आणि औषध घालायच्या दिवशी तुमचा हात काय करतो ते नीट लिहून द्या. पत्रासोबत तेच जोडणार आहे मी. सही तुमची."

काका बोळातल्या बाकावर, यंत्राच्या खोक्याला पाठ टेकून बसले आणि लिहायला लागले. चार ओळींना त्यांना सव्वा तास लागला. तीन कागद फाडले. पेशी बावरतात असं त्यांनी आधी लिहिलं होतं, ते खोडलं, आणि मग पुन्हा लिहिलं, कारण दुसरा शब्द सापडेना. मॅडमनी ते वाचलं, एक जोडाक्षर सुधारलं, बावरतात तसंच राहू दिलं आणि खाली आपलीही सही केली.

"पहिलं औषध कधी सुरू करताय?"

"उद्या साडेआठला," काका म्हणाले. "मंडळी तयार असतील."